सव्वादोन वर्षांचा मुलगा क्रिबच्या कठड्यावर पाय टाकतोय, आता कुठे झोपवायचं?

रंकाळाकाठ: उंची ८९ सेंमी. क्रिबची गादी सगळ्यात खालच्या खाचेत आहे, तरी कठडा छातीलाच लागतो. सासूबाई म्हणतात, जुना दिवाण आहे की, त्यावर झोपवा. मिस्टर म्हणतात, सुताराकडून क्रिबची एक बाजू काढून घेऊ. पोरगं एका जागी ठरत नाही. दिवाणाला बेडरेल, म्हणजे कडेला लावायचा सुटा कठडा, लावली तर चालेल का?

रंधा_पटाशी: बाजू नुसती काढू नका. दोन्ही टोकांच्या चौकटी त्या बाजूनेच ताणून धरलेल्या असतात. ती गेली की क्रिब तिरकी डुलते आणि आठवड्याभरात बोल्ट ढिले होतात. बाजू निघण्यासाठीच बनवलेलं मॉडेल असेल तर वेगळी गोष्ट, त्यात खालची आडवी पट्टी सोबत मिळते.

दिवाणावर कापसाची गादी असेल तर बेडरेलचा नाद सोडा. रेल टिकते ती गादीखाली जाणाऱ्या पायांवर आणि पट्ट्यावर. कापसाची गादी हलकी, कड दबणारी. पोर रेलला टेकलं की रेल बाहेर सरकते आणि मधे फट पडते. पडण्यापेक्षा त्या फटीत अडकणं जास्त घातक. रेल लावायचीच तर घट्ट कॉयरच्या गादीला, आणि रेल बाहेर ओढून फट पडते का ते रोज रात्री बघायचं. भिंतीकडच्या बाजूलाही तोच नियम: पलंग भिंतीला पक्का चिकटलेला तरी हवा, नाहीतर चांगला फूटभर लांब.

बालवाडीताई: पाय वर पडतोय म्हणजे क्रिब आजच बंद. साधारण ९० सेंमी उंचीला ती सोडायचीच असते. सध्या चार इंची गादी जमिनीवर टाका, रेल नको. आपल्याकडे पावसाळ्यात फरशीला ओल सुटते, नुसती चटई घालून भागत नाही. खाली फटी सोडून लाकडी पट्ट्या ठेवा आणि सकाळी गादी भिंतीला उभी करा. नाहीतर महिन्याभरात खालून काळी बुरशी.

सुरुवात रात्रीच्या झोपेपासून करा, तेव्हा पोर दमलेलं असतं. उठून आला की हात धरून परत गादीवर, बोलणं नाही, दिवा नाही. पहिल्या रात्री वीस-पंचवीस फेऱ्या होतील, होऊ द्या. मधेच एकदा कुशीत घेतलंत की पुढच्या रात्री तो तेवढ्यासाठीच उठणार.

रंकाळाकाठ: गादीचं पटलं. पण रात्री उठून घरभर फिरला तर?

रंधा_पटाशी: फिरणारच, तेव्हा सगळी खोलीच क्रिब समजून तयार करा. कपाट आणि ड्रॉवरचं युनिट एल-अँगलने भिंतीला जखडा, स्क्रूसाठीचा ८ मिमीचा प्लग विटेत बसला पाहिजे, नुसत्या गिलाव्यात नाही. उघडे ड्रॉवर ही त्याची शिडी असते. खिडकीखाली खुर्ची-स्टूल नको, पडद्याची दोरी वर बांधा.

बालवाडीताई: आणि बाथरूम! पहाटेच्या पाण्यासाठी आपण बादल्या रात्रीच भरून ठेवतो. दोन इंच पाण्यातही एवढं पोर बुडू शकतं. बादल्या पालथ्या, पिंपाला घट्ट झाकण, बाथरूमच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी. मुख्य दाराचीही कडी वरचीच लावा, खालची त्याला दिवाळीपर्यंत जमेल.