माउंट ठीक, पण लाइट गेली की?
दूरच्या सर्व्हरवरची फाइल कशी एडिट करायची, यावर एक सल्ला असतो: एसएसएचएफएसने (सर्व्हरचं फोल्डर नेटवरून आपल्या मशीनला जोडणारं सॉफ्टवेअर) ते फोल्डर आपल्याच मशीनवर माउंट करा, म्हणजे जोडून घ्या, आणि नेहमीच्या एडिटरात फाइल उघडा. नेटची लाइन पक्की असेल तर मान्य. आमच्या सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मात्र लाइट गेली की आधी राउटर मान टाकतो. मागच्या उन्हाळ्यात चादरींच्या स्टॉकची स्क्रिप्ट अशीच उघडली होती. सेव्ह दाबलं आणि एडिटर गोठला तो गोठलाच, फाइल मॅनेजरही हलेना.

तेव्हापासून उलटं करतो. आधी एसएसएचने (सुरक्षित रिमोट लॉगिन) सर्व्हरवर जायचं, मग तिथंच टीमक्स (लाइन तुटली तरी सेशन चालू ठेवणारा प्रोग्राम), त्यात विम हा टर्मिनलमधला एडिटर. लाइन तुटली तरी सेशन तिकडे चालूच. परत त्या सेशनला जोडलं (अटॅच केलं) की कर्सर त्याच ओळीवर. टीमक्स लावायला विसरलात (मी विसरतोच) तरी विमची स्वॅप फाइल (सेव्ह न केलेले बदल ठेवणारी तात्पुरती फाइल) असते. मूळ सेटिंगमध्ये २०० अक्षरं टाइप झाली किंवा हात ४ सेकंद थांबला की ती डिस्कवर लिहिली जाते. म्हणजे गेलंच तर शेवटचं वाक्य जातं. मग स्वॅपमधला मजकूर परत मिळवायला विमला मायनस आर (-r) देऊन फाइल उघडायची, नीट तपासून सेव्ह करायची, आणि जुनी स्वॅप फाइल हातानं उडवायची, नाहीतर दर वेळी स्वॅप फाइल सापडल्याची तीच सूचना डोळ्यांसमोर नाचते.