जुन्या गाडीचे वायरिंग हार्नेस जळाले आहे : तेवढा भाग दुरुस्त करावा की संपूर्ण हार्नेस बदलावे?

चारचाकी_जुनी यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे सुमारे ३० वर्षे जुनी, कार्बुरेटरची पेट्रोल गाडी आहे. बॉनेटखाली हार्नेस, म्हणजे एकत्र बांधलेल्या तारांचा जुडगा, धरून ठेवणारी एक क्लिप तुटली आणि तो जुडगा लोंबून एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांना) टेकला. ते लक्षात येईपर्यंत वीतभर लांबीतली वरची टेप वितळून गेली होती आणि आतल्या सात-आठ तारांची आवरणे एकमेकींना चिकटली होती. त्यानंतर हेडलाइटचा फ्यूज दोनदा उडाला. शिवाय डावा इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा पार्किंगचा दिवा मंद लुकलुकतो आणि दोन्ही हेडलाइटचा प्रकाश पिवळट पडतो. मात्र हे शेवटचे दोन दोष जळण्याच्या आधीपासून होते की नंतर सुरू झाले, हे मला खात्रीने सांगता येणार नाही.

दोन कारागिरांना गाडी दाखवली. जळालेला तुकडा कापून तारा जोडल्या आणि वरून टेप गुंडाळली की काम भागेल, असे एकाचे म्हणणे पडले. डॅशबोर्ड उतरवून सगळे वायरिंग नवे टाकणार असाल तरच गाडीला हात लावीन, असे दुसऱ्याने सांगितले. मला मल्टिमीटर वापरता येतो, डाखकामही (सोल्डरिंग) थोडेफार जमते, आणि घाई नाही. या दोन टोकांमधला निर्णय नेमका कशाच्या आधारे घ्यावा?

तारतम्य यांचे उत्तर

सर्वप्रथम बॅटरीची ऋण केबल काढून ठेवा, चिकटलेल्या तारा हलक्या हाताने वेगळ्या करा आणि प्रत्येकीला तात्पुरते आवरण द्या. त्याआधी कोणतीही चाचणी करू नका. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज तर मुळीच घालू नका. फ्यूजची क्षमता त्याच्या पुढच्या तारेला किती प्रवाह सोसवेल यावरून ठरवलेली असते. ती वाढवली, तर पुढच्या खेपेला फ्यूज शाबूत राहील आणि तार जळेल.

आपण सांगितलेल्या तीन लक्षणांपैकी फ्यूज उडणे हे जळण्यामुळेच झालेले दिसते. इंडिकेटरबरोबर पार्किंगचा दिवा लुकलुकणे हे मात्र खराब अर्थचे, म्हणजे प्रवाह ज्या जोडणीतून गाडीच्या धातूच्या बॉडीकडे परततो तिच्यातल्या बिघाडाचे, ठरलेले लक्षण आहे. दिव्यांचा सामायिक अर्थ गंजला की इंडिकेटरच्या प्रवाहाला बॉडीकडे परतण्याची नेहमीची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या दिव्याच्या फिलामेंटमधून उलटा वाट काढतो. हा दोष कदाचित कित्येक वर्षांचा असेल. नवे हार्नेस घालून त्याच गंजक्या बोल्टला जोडले, तर तो तसाच राहील.

हेडलाइटसाठी ओहममध्ये रोध मोजत बसू नका. तारेतला एक धागा जरी शिल्लक असला, तरी मल्टिमीटर जवळजवळ शून्य रोध दाखवतो. पण तोच धागा हेडलाइटचा प्रवाह वाहून नेऊ शकत नाही. त्यामुळे भार चालू ठेवून व्होल्टेजची घट मोजावी. इंजिन चालू करून हेडलाइट लावा, मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन ध्रुवावर आणि दुसरे हेडलाइटच्या कनेक्टरमधील धन टोकावर ठेवा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत खर्ची पडत आहेत. धन बाजूला सुमारे ०.५ व्होल्ट आणि अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्ट ही मी सोसण्याजोगी मर्यादा मानतो. याचे गणित सोपे आहे. ६० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर मिळून १० अँपिअर घेतात आणि १.५ चौरस मिलिमीटरच्या ४ मीटर तांब्याच्या तारेत तेवढ्या प्रवाहाला ०.४७ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे निरोगी तारही थोडे व्होल्टेज खातेच. त्याहून बरीच जास्त घट दिसली, तर दोष एखाद्या सांध्यात, स्विचमध्ये किंवा आतून काळवंडलेल्या तांब्यात आहे असे समजावे. हॅलोजन दिव्याला १२ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले तरी सुमारे पाव प्रकाश कमी होतो, त्यामुळे पिवळटपणाचे आश्चर्य वाटायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. दुरुस्ती की बदल, हे जळालेल्या वीतभर भागाकडे पाहून ठरत नाही, उरलेल्या हार्नेसकडे पाहून ठरते. जळालेल्या जागेपासून हातभर अंतरावर, फ्यूज बॉक्सपाशी आणि डॅशबोर्डखाली अशा तीन ठिकाणी टेप उघडा आणि एकेक तार बोटाभोवती हळूच वाकवून पाहा. आवरण लवचीक राहिले, तर तेवढाच भाग बदलणे पुरेसे आहे. त्याला तडे गेले किंवा चुरा पडला, तर तिथपर्यंतचे सर्व काढावे लागेल. तडे तिन्ही ठिकाणी दिसले, तर दुसऱ्या कारागिराचे म्हणणे खरे मानावे.

सांधेजोड यांचे उत्तर

तारतम्य यांच्या चाचण्यांशी मी पूर्ण सहमत आहे. मी फक्त जोडकामाविषयी लिहितो, कारण भागश: दुरुस्ती फसते ती बहुधा तिथेच.

मूळ तारेइतकाच छेद असलेली, बारीक धाग्यांची, वाहनासाठी बनवलेली तार घ्या. घरगुती वायरिंगची जाड एकधागी तार गाडीच्या सततच्या कंपनाने तुटते. इंजिनजवळ १०५ अंश सेल्सिअस सोसणाऱ्या आवरणाची तार वापरणे इष्ट. जुनी तार कापल्यावर तांबे लालसर आणि चकचकीत दिसते का, हे पाहा. ते काळे असेल, तर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापत जा, कारण ओल आवरणाच्या आतून बरीच दूरवर पसरलेली असू शकते आणि काळ्या तांब्यावर क्रिंप धड बसत नाही, डाखही धरत नाही.

डाख द्यावा की क्रिंप करावे (धातूचा सांधा पक्कडीने तारेवर दाबून बसवावा), यावर वाद फार होतात. माझा कल क्रिंपकडे आहे, आणि त्याचे कारण मी स्वत: केलेली चूक आहे. माझ्या पहिल्या गाडीत मी नऊ तारा एकाच जागी कापल्या आणि सगळ्यांना डाख दिला. तिथे झालेली गाठ एवढी जाड होती की जुनी क्लिप तिच्यावर बसेना. पुढे वर्षभरात त्यांतली एक तार डाख जिथे संपतो, नेमकी तिथेच तुटली. डाख धाग्यांमध्ये वर शोषला जातो, तेवढी तार कडक होते आणि कंपनाचा सगळा ताण त्या कडेवर येतो. योग्य मापाचा सांधा, चांगल्या पक्कडीने केलेला क्रिंप आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी, एवढे पुरते. प्रत्येक क्रिंप हाताने ओढून पाहा. निसटायचा तो तेव्हाच निसटू दे.

एका वेळी एकच तार कापा आणि प्रत्येक जोड शेजारच्या जोडापासून दोन-तीन इंच पुढेमागे ठेवा. साधी पीव्हीसी टेप बॉनेटखालच्या उष्णतेत पाघळून चिकट होते; तिथे कापडी हार्नेस टेप लावावी. आणि हो, तुटलेली क्लिप आधी बदला, नाहीतर नवे वायरिंगही त्याच मॅनिफोल्डवर जाऊन बसेल.

फळीवरचे_वायरिंग यांचे उत्तर

मी एकदा संपूर्ण हार्नेस बदलले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. १९९० च्या दशकातल्या काही गाड्यांच्या इंजिन हार्नेसचे आवरण न जळताही वयानेच भुगा होऊन पडते. अशा गाडीत तुकडे जोडत बसणे म्हणजे एक दोष मिटवताना शेजारी दोन निर्माण करणे होय. मात्र भंगारातल्या गाडीतून काढलेले हार्नेस घेणार असाल, तर तेही आपल्या हार्नेसच्याच वयाचे असते, हे ध्यानात ठेवा. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांमध्ये कनेक्टर सारखे आणि आतल्या पिनांची मांडणी वेगळी, असेही आढळते.

जुने हार्नेस ओढून काढू नका. प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी बांधा, छायाचित्रे घ्या, मग ते अखंड काढून प्लायवुडच्या फळीवर पसरा आणि प्रत्येक फाट्यापाशी खिळा ठोका. नवे हार्नेस त्याच खिळ्यांवर बसवून पाहिले की एखादी शाखा आखूड पडते आहे का, हे गाडीत घालण्याआधीच कळते. माझ्या कामात सर्वाधिक वेळ तारांना लागला नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधल्या पत्र्याच्या) रबरी बुचातून जुडगा सरकवण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

दुरुस्ती असो वा बदल, बॅटरी पहिल्यांदा थेट जोडू नका. ऋण ध्रुव आणि ऋण केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा एक दिवा जोडा आणि सर्व स्विच बंद ठेवा. दिवा पूर्ण तेजाने पेटला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. पण दिव्यामुळे प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे तार जळत नाही. ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे, त्यांनी तिच्या तारांवर, ज्या बहुधा पिवळ्या असतात, मीटर लावू नये आणि जोडही देऊ नये.

चारचाकी_जुनी

सर्वांचे मनापासून आभार. डाव्या हेडलाइटखालचा अर्थचा बोल्ट गंजलेला निघाला. अर्थच्या बाजूची घट ०.९ व्होल्ट होती. बोल्ट आणि पत्रा घासून स्वच्छ केल्यावर ती ०.०५ वर आली आणि पार्किंगच्या दिव्याचे लुकलुकणेही थांबले. धन बाजूला अजून १.३ व्होल्ट जातात, त्यांतले ०.६ हेडलाइटच्या स्विचमध्येच. जळालेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना फूटभर अंतरापर्यंत आवरणाला तडे जातात. फ्यूज बॉक्सपाशी ते थोडे कडक आहे, पण तडकत नाही, आणि डॅशबोर्डखाली नव्यासारखे आहे. म्हणून फ्यूज बॉक्सपासून पुढच्या दिव्यांपर्यंतची शाखाच नवी करायचे ठरवले आहे. एक अडचण मात्र आहे: मूळ तारांवर रंगीत रेघा आहेत आणि तशा रेघांच्या तारा मला मिळत नाहीत.

तारतम्य

मूळ तारेचा मुख्य रंग तेवढा जुळवा आणि रेघेऐवजी दोन्ही टोकांना क्रमांकाच्या नळ्या घाला. कोणता क्रमांक कोणत्या तारेचा, हे लिहिलेला कागद फ्यूज बॉक्सच्या झाकणात ठेवा. शाखा उघडलीच आहे, तर हेडलाइटसाठी रिलेही (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) बसवून घ्या. ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीजवळच्या स्वतंत्र फ्यूजमधून आलेली तार, ८७ ला दिवे, आणि ८५ व ८६ पैकी एका टोकाला स्विचकडून येणारी जुनी तार व दुसऱ्याला अर्थ, अशी जोडणी करा. वरच्या आणि खालच्या झोतासाठी वेगवेगळे रिले लागतील. त्यानंतर त्या जुन्या स्विचमधून रिलेच्या गुंडाळीपुरता, म्हणजे अँपिअरच्या पाचव्या भागाच्या आसपास प्रवाह जाईल, त्यामुळे स्विच आत्ताच बदलायची गरज पडू नये.