टॉवर क्रेनची उभारणी : काळी माती आणि दुपारचा वारा यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. सोलापुरात विजापूर रोडलगत एका निवासी इमारतीच्या कामावर लवकरच टॉवर क्रेन उभी करायची असून साइटवरील सुरक्षिततेची जबाबदारी माझ्याकडे आहे. क्रेनचा पाया कठीण मुरमापर्यंत खोदून निर्मात्याच्या ड्रॉइंगप्रमाणे भरला आहे, त्याची काळजी नाही. काळजी आहे ती सुटे भाग उचलणाऱ्या मोबाइल क्रेनची. तिचे आउटरिगर (क्रेन स्थिर ठेवणारे बाजूला पसरणारे पाय) जिथे टेकणार, तिथली काळी माती आज भेगा पडण्याइतकी टणक दिसते, पण वळवाची एक सर आली तरी तीत टाच रुतते. ती काढून मुरूम भरणे, रोलर फिरवणे आणि वर पोलादी प्लेटा टाकणे पुरेसे आहे, की प्लेट लोड चाचणी (जमीन किती भार पेलते हे प्लेटवर भार देऊन पाहणे) घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये?

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. काउंटर जिब (तोलाची वजने पेलणारी मागची आडवी भुजा) बसवल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितली आहेत तेवढीच वजने आधी ठेवून मग मुख्य जिब (माल उचलणारी पुढची लांब भुजा) जोडायची आणि उरलेली वजने त्यानंतर चढवायची, हा क्रम मोडला तर मास्टवर (क्रेनच्या उभ्या मनोऱ्यावर) एकतर्फी भार येतो, हे ठेकेदाराच्या माणसांना मी पुन्हा पुन्हा सांगत आहे. मात्र दुपारी वारा मर्यादेपलीकडे गेला, तर काम नेमक्या कोणत्या टप्प्यावर थांबवलेले सुरक्षित असते? पहाटे सुरुवात केली तरी एवढी जोडणी वारा सुटण्यापूर्वी उरकेल, असे मला वाटत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष उभारणी करून घेतली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.