‘रेख-एन-एफ’चा अर्थ वर्तमानकाळी का होतो?

प्रश्न
मध्य इजिप्शियन (प्राचीन इजिप्तच्या भाषेचा एक टप्पा) भाषेच्या व्याकरणात ‘सेजेम’ (ऐकणे) हे आदर्श क्रियापद धरून ‘सेजेम-एफ’ म्हणजे ‘तो ऐकतो’ आणि ‘सेजेम-एन-एफ’ म्हणजे ‘त्याने ऐकले’ असे सांगितलेले असते. तसे असेल, तर ‘रेख’ या क्रियापदाच्या ‘रेख-एन-एफ’ या रूपाचा अर्थ ‘त्याला माहीत आहे’ असा का दिला जातो? येथे भूतकाळ कोठे गेला?

प्रतिसाद १
‘-एन-’ हा काळाचा प्रत्यय नसून क्रिया पूर्ण झाल्याचे तो दाखवतो, ती केव्हा पूर्ण झाली हे संदर्भावरून ठरते. ‘रेख’चा मूळ अर्थ ‘कळणे, जाणून घेणे’ असा आहे; कळण्याची क्रिया पूर्ण झाली की माहीत असण्याची अवस्था उरते, आणि शब्दकोशात आपल्याला बहुधा ही अवस्थाच दिलेली आढळते. याहून मोठी गंमत नकारात आहे. इजिप्तविद्येचे अभ्यासक बॅटिस्कोम गन यांनी 1924 मध्ये दाखवून दिले की, आधी नकारार्थी ‘न’ आल्यास ‘सेजेम-एन-एफ’चा अर्थ ‘तो ऐकत नाही, ऐकू शकत नाही’ असा सार्वकालिक होतो, तर ‘त्याने ऐकले नाही’ असे म्हणायचे असल्यास ‘न’नंतर साधे ‘सेजेम-एफ’ येते. होकारातील जोडी नकारात जणू उलटते.

प्रतिसाद २
याच संदर्भात अवस्थावाचक रूपही पाहावे. त्याला कर्त्यानुसार वेगळे प्रत्यय लागतात, उदाहरणार्थ प्रथमपुरुषी एकवचनात ‘-कुई’, आणि अक्कादियन या प्राचीन मेसोपोटेमियातील भाषेतल्या अवस्थावाचक रूपाशी त्याचे नाते मानले जाते. ‘रेख-कुई’ म्हणजे ‘मला माहीत आहे’, असा अर्थ या रूपातही मिळतो. गतिवाचक क्रियापदात ते कर्त्याची अवस्था सांगते, तर सकर्मक क्रियापदात बहुधा कर्मणी अर्थ देते. मराठीत ‘गेलेला’ म्हणजे जो गेला तो, पण ‘मारलेला’ म्हणजे ज्याला मारले तो. हा भेद अंगवळणी असल्यामुळे मराठी वाचकाला हे रूप फारसे जड जाऊ नये.

प्रतिसाद ३
वरील विवेचन योग्यच आहे, परंतु ‘सेजेम-एफ’ हे एकच रूप समजू नये. चित्रलिपीत स्वर लिहिले जात नसत. ‘सेजेम’मधील ‘ए’ ही केवळ उच्चाराच्या सोयीसाठी अभ्यासकांनी घातलेली भर आहे. त्यामुळे मुळात वेगवेगळी असलेली अनेक रूपे लेखनात एकसारखी दिसतात. ‘मेरी’ (प्रेम करणे) यासारख्या दुर्बल (म्हणजे ज्यांचे शेवटचे व्यंजन अर्धस्वर असते अशा) क्रियापदांत मात्र ‘मेर-एफ’ आणि द्वित्व झालेले ‘मेरेर-एफ’ असा भेद डोळ्यांना दिसतो. भाषाभ्यासक पोलोत्स्की यांनी 1944 मध्ये कॉप्टिक (इजिप्शियन भाषेचा शेवटचा टप्पा) भाषेच्या आधारे मांडणी केली की, अशी काही रूपे वाक्यात नामासारखी वागतात आणि वाक्याचा भर पुढील क्रियाविशेषणावर जातो: ‘तो येतो’ असे नव्हे, तर ‘तो येतो तो *येथूनच*’. त्यांच्या मांडणीचा पुढे फार ताणून वापर झाला, असे माझे मत आहे. तरी वाक्यातील भर कोठे आहे हे पाहिल्याशिवाय ‘सेजेम-एफ’चा अर्थ लावू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग ‘सेजेम’सारख्या सबल क्रियापदात हा भेद ओळखायचा कसा?

प्रतिसाद ३
केवळ वाक्यरचनेवरून. सुरुवातीला ‘इऊ’ हा निपात (रूप न बदलणारा छोटा शब्द) असेल, तर ते भर देणारे नामवत् रूप नाही, एवढे निश्चित धरता येते.