ट्रक नाही, चालक नाही. मग ब्रोकर नेमके कशाचे पैसे घेतो?

अक्षांश यांचा प्रश्न

माझ्या मावसभावाने अमेरिकेत एक ट्रक घेऊन स्वतःच्या परवान्यावर मालवाहतूक सुरू केली आहे. त्याला मिळणारा जवळजवळ सगळा माल ब्रोकरमार्फतच येतो. मागच्या महिन्यात माल उतरवताना चुकून त्याच्या हाती आलेल्या एका कागदावरून त्याला असे कळले की, माल पाठवणाऱ्याने ब्रोकरला दिलेले भाडे आणि ब्रोकरने त्याला देऊ केलेले भाडे यांत चांगलाच फरक होता. ज्याच्याकडे ट्रक नाही, चालक नाही आणि गोदामही नाही, त्याला हा फरक नेमका कशाबद्दल मिळतो? आणि तो किती आहे, हे विचारण्याचा ट्रकमालकाला काही हक्क आहे का?

जुना डिस्पॅचर यांचे उत्तर

मी काही वर्षे ब्रोकरच्या कार्यालयात ट्रक लावण्याचे काम केले आहे, त्यामुळे माझे मत थोडे त्या बाजूने झुकलेले वाटल्यास आश्चर्य नाही.

एखाद्या कारखान्यातून एके दिवशी तीन ट्रक माल निघतो आणि दुसऱ्या दिवशी वीस. वाढीव सतरा ट्रक त्याच दुपारी हवे असतात आणि त्यांतला प्रत्येक ट्रक वेगळ्या गावाला जाणार असतो. एका ट्रकचा मालक कितीही प्रामाणिक असला तरी कारखान्याची ही अडचण तो सोडवू शकत नाही, आणि शंभर ट्रकमालकांशी वेगवेगळे बोलून प्रत्येकाचा परवाना व विमा तपासत बसायला कारखान्याला सवड नसते. वाटेत ट्रक बंद पडला, तर रात्री दोन वाजता दुसरा शोधण्याचे कामही ब्रोकरच्याच गळ्यात पडते. ट्रकमालकाच्या बाजूने पाहिले, तर जिथे माल उतरतो तिथून परतीचा माल मिळणे हा त्याचा सर्वांत मोठा प्रश्न असतो, कारण रिकाम्या फेरीत डिझेल जळतेच आणि भाडे मात्र शून्य असते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. या फरकाला आपण दलाली म्हणतो खरे, पण ठरावीक टक्क्यांची दलाली ती बहुधा नसते. ब्रोकर कारखान्याला अनेकदा वर्षभराचा दर बांधून देतो आणि ट्रक मात्र त्या दिवशीच्या खुल्या बाजारभावाने घेतो. बाजार पडलेला असला की फरक वाढतो. तो चढला की फरक आटतो आणि कधी कधी पदरचे पैसे घालून माल पोहोचवावा लागतो. महासाथीच्या काळात खुल्या बाजारातील दर झपाट्याने चढले, तेव्हा हा अनुभव पुष्कळांनी घेतला. सगळी जुळवाजुळव संगणकावर आणू पाहणारी सिएटलची कॉन्व्हॉय ही कंपनी मोठे भांडवल गाठीशी असूनही बाजार पडल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये बंद पडली. म्हणजे पडत्या बाजारातही हा धंदा वाटतो तितका बिनजोखमीचा नसतो.

हिशेबनीस यांचे उत्तर

वरील विवेचन बरोबर आहे, परंतु प्रश्नाचा दुसरा भाग तसाच राहिला. अमेरिकेच्या संघीय नियमांतील 371.3 या कलमानुसार ब्रोकरला प्रत्येक व्यवहाराची नोंद तीन वर्षे जपावी लागते. तिच्यात त्याला मिळालेला मोबदलाही येतो आणि व्यवहारातील कोणत्याही पक्षाला ती नोंद पाहण्याचा हक्क आहे. अडचण अशी की अनेक ब्रोकर करारातच हा हक्क सोडून दिल्याचे कलम घालतात, आणि माल हवा असलेला ट्रकमालक न वाचता सही करतो. मे 2020 मध्ये ट्रकचालकांनी वॉशिंग्टनमध्ये रस्त्याकडेला ट्रक लावून निदर्शने केली, त्यात हीच पारदर्शकतेची मागणी पुढे होती.

मालाच्या नुकसानीबाबतही फरक ध्यानात ठेवावा. 1906 च्या कारमॅक दुरुस्तीनुसार, म्हणजे मालाच्या नुकसानीविषयीच्या अमेरिकी कायद्यानुसार, ही जबाबदारी प्रत्यक्ष माल वाहणाऱ्यावर येते, निव्वळ ब्रोकरवर नाही. ट्रकमालकाच्या संरक्षणासाठी ब्रोकरला 75,000 डॉलरचा बाँड (देणी बुडाल्यास भरपाईची हमी) किंवा तेवढाच विश्वस्त निधी ठेवावा लागतो. ऑक्टोबर 2013 पूर्वी हीच रक्कम 10,000 होती. मात्र ती सर्व दावेदारांत मिळून असते, त्यामुळे ब्रोकर बुडाला आणि देणी मोठी असली की प्रत्येकाच्या वाट्याला चिल्लरच येते.

परतीचा माल यांचे उत्तर

मी ट्रकमालकांचे हिशेब पाहतो आणि माझे मत दोघांहून थोडे वेगळे आहे. ब्रोकरने किती ठेवले यावर जळण्यापेक्षा आपला मैलामागे खर्च किती येतो हे आधी काढावे. त्यात ट्रकचा हप्ता, विमा, टायर आणि रिकामे मैल धरावेत. समजा, एका फेरीत ब्रोकरने 300 डॉलर ठेवले आणि दुसऱ्या फेरीत 150, पण दुसऱ्या ठिकाणी माल भरायला पाच तास खोळंबा झाला, तर दुसरी फेरीच महाग पडली. कारण चालकाला कामावर आल्यापासून 14 तासांच्या आतच, आणि तेही जास्तीत जास्त 11 तास, ट्रक चालवता येतो; गोदामाच्या दारात गेलेले तास सहसा त्या 14 तासांतूनच जातात. म्हणून खोळंब्याचे भाडे किती तासांनंतर सुरू होते आणि ते कोण देणार, हे दर ठरवतानाच लिहून घ्यावे.

खरी भीती डबल ब्रोकरिंगची आहे. एकाने घेतलेला माल तो परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो, मूळ ब्रोकरकडून पैसे घेऊन नाहीसा होतो आणि ज्याने माल वाहिला तो हात चोळत बसतो. दर संशयास्पदरीत्या चढा असेल, किंवा भाडेपत्रावरील नाव आणि फोनवरचे नाव जुळत नसेल, तर नोंदणीतील क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय ट्रक हलवू नये.

अक्षांश

सर्वांचे आभार. भावाने करार पुन्हा वाचला. हक्क सोडल्याचे कलम सातव्या पानावर निघाले. हे कलम वगळून मागितले, तर ब्रोकर माल देणे बंद करील का?

जुना डिस्पॅचर

नवख्याला बहुधा नकारच मिळेल. पण वर्षभर वेळेवर माल पोहोचवणारा ट्रक ब्रोकरलाही सहजासहजी गमवायचा नसतो, हे मी त्याच खुर्चीत बसून पाहिले आहे. तोपर्यंत कलमापेक्षा पैसे किती दिवसांत मिळणार यावर घासाघीस करावी. ती मागणी बऱ्याचदा मान्य होते.