डिजिटल फोटोंचे प्रिंट: रास्त दरातली चांगली लॅब निवडायची कशी?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आई-वडिलांच्या लग्नाला या वर्षी पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने साताऱ्यात घरीच समारंभ केला, आणि त्याचे फोटो काही भाच्याच्या डीएसएलआरवर, तर बरेचसे घरातल्या चार-पाच मोबाइलवर निघाले आहेत. निवडून निवडून २२० फोटो उरले आहेत. आम्हा तिघा भावंडांना एकेक संच हवा असल्याने ४×६ आकाराचे एकूण ६६० प्रिंट काढायचे आहेत, आणि शिवाय ८×१२ आकाराचे दहा-बारा.

गावात चौकशी केली तेव्हा एका दुकानात ४×६ ला ८ रुपये सांगितले, दुसऱ्या ठिकाणी १२, आणि पुण्यातल्या एका लॅबने १८. म्हणजे त्याच कामाला ५,२८० रुपयेही लागू शकतात आणि ११,८८० रुपयेही. एवढा फरक नेमका कशाचा आहे, हे तिघांपैकी कोणालाही मला समजेल असे सांगता आले नाही. प्रत्येकाने फक्त ‘आमची क्वालिटी बघा’ असे म्हणून काचेखालचा नमुना दाखवला, आणि नमुने तर सगळ्यांचेच सुंदर असतात.

पूर्वी रोल धुवायला टाकला की चार दिवसांनी पाकीट हातात येई आणि त्यात जे असेल ते मुकाट्याने स्वीकारायचे, एवढेच माहीत होते. मागच्या वर्षी मात्र पन्नासेक डिजिटल फोटो एका ठिकाणी प्रिंट करून घेतले, तेव्हा आईची जांभळी पैठणी सरळ निळी होऊन आली आणि मागच्या रांगेत उभ्या असलेल्या काकांचे डोके अर्धे कापले गेले. तक्रार केल्यावर ‘फाइलमध्येच तसे आहे’ असे उत्तर मिळाले. या वेळी तसे होऊ नये म्हणून विचारतो: पैसे देण्याआधी लॅब पारखायची कशी?

रविवारचा_छायाचित्रकार यांचा प्रतिसाद

पैठणी आणि काका या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि काकांपुरता दोष बहुधा लॅबचा नाही. मोबाइलचा फोटो साधारणपणे ४:३ या प्रमाणात असतो, तर ४×६ चा कागद ३:२ या प्रमाणात. आडवा फोटो कागदभर बसवायचा म्हटले की उंचीचा नववा भाग कापावाच लागतो, आणि तो कुठून कापायचा हे तुम्ही ठरवले नाही, तर यंत्र वरून-खालून सारखा कापून मोकळे होते. डीएसएलआरचे फोटो मुळातच ३:२ असल्यामुळे ४×६ आणि ८×१२ ला चपखल बसतात. पण तेच ८×१० वर काढायला गेलात, तर लांबीचा सहावा भाग जातो. तेव्हा मोबाइलचे फोटो घरी बसून स्वतः ३:२ मध्ये क्रॉप करा, किंवा लॅबला ‘पूर्ण फोटो, पांढऱ्या कडेसह’ असे लेखी सांगा. २२० फोटोंना एक संध्याकाळ पुरते.

आता पारखण्याविषयी. काचेखालचा नमुना पाहूच नका, कारण तो त्यांचा सर्वांत चांगला फोटो असतो. आपलेच सहा फोटो घ्या आणि त्याच सहा फाइली तिन्ही ठिकाणी ४×६ मध्ये प्रिंट करून आणा. तुम्ही दिलेल्या दरांनी हा सारा खर्च २२८ रुपये होईल. त्या सहांत एक जवळून घेतलेला चेहरा असावा, एक पैठणीचा, एक समईच्या किंवा दिव्यांच्या उजेडातला काळपट, एक पांढरे धोतर-सदरा उन्हात असलेला आणि एक मोठा समूह. सहावा मात्र कृष्णधवल असावा. रंगीत फोटोत थोडी हिरवट किंवा लालसर झाक आली तरी डोळा ती खपवून घेतो; कृष्णधवल फोटोत तीच झाक लपत नाही.

तिन्ही संच सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी ठेवून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका, आणि मोबाइलच्या पडद्याशी तुलनाही बेताने करा. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद फक्त परावर्तित करतो. पूर्ण उजेडावर ठेवलेल्या पडद्यावर फोटो पाहून ‘प्रिंट काळे आले’ म्हणणाऱ्यांत मीही एके काळी होतो.

फाइलींबद्दलही लिहितो, कारण निम्मे भांडण तिथेच मिटते. मोबाइलवरचे फोटो व्हॉट्सॲपवरून गोळा केले असतील तर ते पुन्हा मूळ स्वरूपात मागवा, निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान आणि दाबलेला होऊन येतो. ४×६ ला तो कसाबसा निभावतो, पण ८×१२ मध्ये केसांचा आणि जरीच्या काठाचा चिखल होतो. हिशेब सोपा आहे: इंचाला ३०० बिंदू धरले तर ४×६ साठी १२००×१८०० पिक्सेल लागतात आणि ८×१२ साठी २४००×३६००, म्हणजे साधारण साडेआठ मेगापिक्सेल. पिक्सेल तेवढे असतील, तर फाइलीत ७२ डीपीआय (इंचाला बिंदू) लिहिलेले आहे की ३००, याने प्रिंटमध्ये काहीही फरक पडत नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगो. भाच्याचा कॅमेरा ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीवर असेल, तर फाइली नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीत बदलून द्या. नाहीतर पुष्कळ लॅबमध्ये रंग फिके आणि मरगळलेले येतात.

अंधारखोली यांचा प्रतिसाद

मी अकरा वर्षे एका लॅबमध्ये मशिनवर बसत होतो, आता तो व्यवसाय सोडला आहे. दरातला फरक कशाचा, हा तुमचा मूळ प्रश्न. त्याचे उत्तर प्रामुख्याने तीन गोष्टींत आहे: यंत्र, खप आणि मशिनवरचा माणूस.

यंत्रांचे प्रकार ढोबळमानाने असे आहेत. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे फुजीच्या फ्रंटियर किंवा नोरित्सूच्या मिनीलॅबमध्ये प्रकाशसंवेदी कागदावर लाल, हिरव्या आणि निळ्या लेझरने फोटो उमटवतात आणि मग तो कागद डेव्हलपर, ब्लीच-फिक्स आणि धुण्याच्या टाक्यांतून काढून वाळवतात; म्हणजे फोटो अजूनही खरोखर ‘धुतला’ जातो. दुसरा प्रकार ड्राय लॅबचा, ज्यात रसायने नसून शाईचा फवारा असतो. तिसरा डाय-सब्लिमेशनचा: रिबनवरचे पिवळा, मॅजेंटा आणि सायन हे रंग उष्णतेने कागदात उतरतात आणि शेवटी वर पारदर्शक थर बसतो. पासपोर्ट फोटो काढणाऱ्या आणि समारंभात जागेवरच फोटो देणाऱ्यांकडे बहुधा हेच छोटे यंत्र असते. याशिवाय फोटोबुके छापणारे डिजिटल प्रेस असते, पण ते तुमच्या कामाचे नाही.

‘मिनीलॅब म्हणजे उत्तम आणि बाकी सारे दुय्यम’ असे पुष्कळ लोक सांगतात, आणि एके काळी मीही गिऱ्हाइकांना तेच सांगत असे. ते पूर्ण खरे नाही. मिनीलॅबचा जीव रसायनांत असतो आणि रसायने ताजी राहतात ती खपाने: जितका कागद टाक्यांतून जातो, त्या मानाने यंत्र नवे रसायन आत घेते. दिवसाला पाच-पंचवीस फोटो निघणाऱ्या दुकानात डेव्हलपर टाकीत बसून हवेने खराब होतो, आणि मग काळा रंग राखाडी पडतो, पांढऱ्या कडेवर पिवळट किंवा गुलाबी झाक येते आणि कृष्णधवल फोटो हिरवा दिसतो. चांगल्या लॅबमध्ये रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी कंट्रोल स्ट्रिप, म्हणजे यंत्र तपासण्याची ठरावीक पट्टी, काढून तिची घनता, म्हणजे रंगांचा गडदपणा, मोजतात. तुम्ही सरळ विचारा: ‘आज स्ट्रिप काढली का?’ समोरचा हसून फाइल काढून दाखवेल, किंवा तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघेल; दोन्हींतून हवे ते कळते. आमच्याकडे तुळशीचे लग्न लागले की लग्नाच्या अल्बमांचा लोंढा सुरू होई आणि रसायने कायम ताजी असत, पण त्याच दिवसांत प्रत्येक फोटोकडे नीट बघायला मात्र सवड नसे. चातुर्मासात याच्या नेमके उलट. म्हणून खप कमी असलेल्या गावात नीट सांभाळलेला ड्राय लॅब हा शिळ्या रसायनांच्या मिनीलॅबपेक्षा निःसंशय बरा.

पैठणीचे म्हणाल, तर जांभळा हा रंग मुळातच अवघड आहे. काही वेळा कॅमेराच तो निळ्याकडे झुकवतो, त्यामुळे दुकानदार अगदीच खोटे बोलला असे नाही. पण पुष्कळदा गडबड ऑटो करेक्शनने होते. यंत्र प्रत्येक फोटोची सरासरी काढून रंग ‘सुधारते’. अर्धी चौकट जांभळ्या साडीने भरली असेल, तर ते तो जांभळा जादा समजून कमी करते. फोटो तुम्ही घरी ठीकठाक केले असतील, तर ‘करेक्शन बंद ठेवा’ असे पावतीवर लिहून घ्या. केले नसतील आणि मशिनवर अनुभवी माणूस असेल, तर मात्र त्याला हाताने करेक्शन करू द्या. घनता आणि तीन रंगांच्या बटणांवर त्याची बोटे पेटीवाल्यासारखी चालतात, आणि १८ रुपयांतले निदान चार रुपये त्या बोटांचे असतात.

दमट_हवा यांचा प्रतिसाद

वरच्या दोघांनी सांगितल्यावर लॅबविषयी मी काही वाढवीत नाही. मी कोकणात राहतो आणि माझे अनुभव प्रिंट घरी आल्यानंतरचे आहेत. ग्लॉसी कागद चकचकीत दिसतो, पण तीन घरांतली मुले अल्बम हाताळणार असतील तर मॅट (बिनचकाकीचा) किंवा लस्टर (मंद चकाकीचा) घ्या, बोटांचे ठसे उठत नाहीत. भिंतीवर लावायचे ८×१२ काचेला थेट टेकवू नका, मध्ये माउंटची जाड चौकट ठेवा. आमच्याकडे एका पावसाळ्यात फोटोचा वरचा थर काचेला असा चिकटला की सोडवताना आजोबांचा गालच काचेवर राहिला.

वर प्लॅस्टिक आणि आत चिकट पाने असलेले अल्बमही टाळावेत. तो गोंद काही वर्षांत फोटोच्या पाठीतून वर येतो. खिशांचे साधे अल्बम स्वस्त पडतात, फक्त ते पीव्हीसीचे नसावेत.

आणखी एक, थोडे आगाऊपणाचे: तिन्ही भावंडांना २२० च्या २२० खरोखर हवे आहेत का?

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगितलेले सारे करून पाहिले.

कृष्णधवल फोटो म्हणून आई-वडिलांच्या १९७५ सालच्या लग्नातला एक फोटो स्कॅन करून दिला. आठ रुपयांच्या दुकानात तो शेवाळ्यासारखा हिरवा आला, आणि बाकीच्या पाचांची पांढरी कड पिवळसर होती. मशीन मिनीलॅबचेच होते, पण मी दोनदा गेलो तेव्हा दोन्ही वेळा दुकानात दुसरे गिऱ्हाईक नव्हते. ‘अंधारखोली’ यांनी लिहिलेले तिथे उभ्या उभ्या पटले. बारा रुपयांच्या ठिकाणी ड्राय लॅब निघाला. तिथला कृष्णधवल फोटो किंचित थंड, निळसर छटेचा, पण स्वच्छ. समईच्या उजेडातल्या फोटोत मात्र काळ्या भागातले तपशील बुजले होते. पुण्याच्या लॅबमधला तोच फोटो पाहिल्यावर, समईमागे वडिलांच्या काळ्या कोटाची गुंडी दिसते हे मला पहिल्यांदा कळले. स्ट्रिपविषयी विचारले, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी आधी मी कोणत्या लॅबमधून आलो आहे असे विचारले आणि मग खरोखरच वही दाखवली.

‘दमट_हवा’ यांचा प्रश्न आगाऊपणाचा मुळीच नव्हता. बहिणीला फोन करून विचारले, तर तिला ८० पुरेत. धाकट्या भावाला १००. पूर्ण २२० चा संच आता फक्त आई-वडिलांच्या घरी राहील, म्हणजे ६६० चे ४०० झाले. भावंडांचे १८० साताऱ्यातच १२ रुपयांनी काढले आणि त्यांना २,१६० रुपये लागले. घरचे २२० पुण्याला १८ रुपयांनी, त्यांचे ३,९६०. एकूण ६,१२०, म्हणजे सगळे ६६० स्वस्तातल्या दुकानात काढण्यापेक्षा जेमतेम साडेआठशे जास्त. ८×१२ चे दहाही पुण्याहूनच, लस्टर कागदावर आणि माउंटसह घेतले.

पैठणीसाठी पुण्याच्या गृहस्थांनी साडीचा एक तुकडा किंवा ब्लाउजपीस असेल तर आणायला सांगितले. मी आईला न सांगता ब्लाउजपीस पिशवीत घालून नेला. त्यांनी तो दारापाशी, बाहेरच्या उजेडात प्रिंटशेजारी धरला, आत जाऊन मॅजेंटा दोन वेळा वाढवला आणि तिसरा प्रिंट काढला. त्या दोन फुकट गेलेल्या प्रिंटचे पैसे त्यांनी लावले नाहीत. ब्लाउजपीस जागेवर ठेवण्याआधीच आईच्या लक्षात आले होते, पण तिने आधी फोटो पाहिला आणि ‘हां, हीच’ एवढेच म्हणाली.