राज्यसभेतली बाबासाहेबांची भाषणं: मूळ नोंद कुठे शोधायची आणि कशी वाचायची?

येवलेकर

नमस्कार मंडळी. २६ नोव्हेंबरला नाशिकरोडच्या वाचन गटासाठी चार पानी पुस्तिका काढायची आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह (२ मार्च १९३०) आणि येवल्याची घोषणा (१३ ऑक्टोबर १९३५) यांवर आपल्याकडे दरवर्षी बोललं जातं. म्हणून या वेळी विषय घेतलाय तो १९५२ ते १९५६ या काळातले राज्यसभा सदस्य डॉ. आंबेडकर.

अडचण अशी, की ‘संविधान जाळणारा पहिला माणूस मी असेन’ हे वाक्य व्हॉट्सॲपवर वेगवेगळ्या तारखा लावून फिरतंय. कुणी लोकसभा लिहितं, कुणी राज्यसभा, कुणी संविधान सभासुद्धा. मूळ इतिवृत्त कुठे मिळेल? अवतरण कुठून कुठपर्यंत घ्यावं? आणि या एका वाक्यापलीकडे कोणत्या भाषणांना जागा द्यावी?

दप्तरखाना

येवलेकर, तारीख आधी पक्की करून घ्या: २ सप्टेंबर १९५३, बुधवार. विषय आंध्र राज्य विधेयक. सभागृह वरचंच, पण तेव्हा त्याचं नाव ‘राज्यसभा’ नव्हतं. ‘काउन्सिल ऑफ स्टेट्स’ हे नाव बदलून ‘राज्यसभा’ झालं ते २३ ऑगस्ट १९५४ रोजी. त्यामुळे १९५३ च्या खंडावर जुनंच नाव दिसेल आणि ‘हे भलतंच काहीतरी उघडलं’ म्हणून लोक ते बंद करतात. बंद करू नका, तेच हवंय.

राज्यसभेच्या चर्चांचं डिजिटल भांडार १९५२ पासूनचं आहे आणि ते फुकट पाहता येतं. शोध इंग्रजीत करा, आणि नावाने करण्यापेक्षा तारखेने करा. जुनी पानं स्कॅन केलेली आहेत, संगणकाने अक्षरं ओळखताना चुका केल्या की नावाचा शोध रिकामा येतो. तारखेने गेलात की त्या दिवसाच्या कामकाजाचे विषय दिसतात, त्यातून विधेयकाचं शीर्षक निवडायचं. बाबासाहेबांच्या नावापुढे कंसात ‘बॉम्बे’ असेल. महाराष्ट्र १९६० चा, तेव्हा ‘महाराष्ट्र’ हे राज्य लावून गाळलं तर ते सापडणारच नाहीत.

दोन गोष्टींत हमखास गडबड होते. पहिली, जुन्या खंडांत एका पानावर दोन स्तंभ आहेत आणि क्रमांक पानांना नसून स्तंभांना आहेत. संदर्भ देताना ‘स्तंभ’ लिहा, ‘पान’ लिहिलंत तर पुढचा माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसेल. दुसरी, स्कॅनमधून मजकूर उचलून चिकटवला तर डाव्या स्तंभाची ओळ उजव्या स्तंभाच्या ओळीला जोडली जाते. एका सदस्याचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जातं. चर्चेच्या नोंदीत याहून मोठी चूक नाही. हवा तो परिच्छेद हाताने टाइप करा आणि दुसऱ्या कुणाला तरी मूळ पान समोर ठेवून मोठ्याने वाचायला लावा.

छापील प्रत हवी असेल तर महाराष्ट्र शासनाच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालेचा १५ वा खंड पाहा. हाच मजकूर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपातही आहे. नाशकात सार्वजनिक वाचनालयाच्या संदर्भ विभागात विचारून पाहा.

शब्दवेध

अवतरणाबद्दल लिहितो, कारण खरा घोळ तिथेच आहे.

पोस्टरवर दोन वाक्यं एकापाठोपाठ छापतात. एक, ‘मी हॅक होतो, मला जे करायला सांगितलं ते मी बरंचसं माझ्या इच्छेविरुद्ध केलं.’ दुसरं, ‘ते जाळणारा पहिला माणूस मी असेन.’ मूळ नोंदीत ही वाक्यं लागून नाहीत. मध्ये सदस्य टोकतात, बाबासाहेब उलट उत्तर देतात, आणि त्या खडाजंगीनंतर दुसरं वाक्य येतं. म्हणजे ते लिहून आणलेलं विधान नव्हे, भर सभागृहात, टोकणाऱ्यांना दिलेलं उत्तर आहे. दोन्ही घ्यायची असतील तर मध्ये तीन टिंबं टाकाच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढचं वाक्य. ‘जाळीन’ म्हटल्यावर ते थांबलेले नाहीत. आशय असा: ते काहीही असो, आपल्या लोकांना हे चालवायचं असेल तर बहुसंख्याक आहेत तसे अल्पसंख्याकही आहेत हे विसरता येणार नाही, आणि ‘तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीला धोका होईल’ असं म्हणून अल्पसंख्याकांना डावलता येणार नाही. सगळ्यांत मोठी हानी होईल ती अल्पसंख्याकांना इजा केल्याने. सगळं भाषण या मुद्द्यावर चाललंय: नव्या आंध्र राज्यात मोठ्या, जमीन बाळगून असलेल्या जातींपुढे अनुसूचित जातींना संरक्षण कुठलं, आणि त्यासाठी राज्यपालांच्या हाती काही अधिकार असावेत की नाही. राज्यपालांचा मुद्दा गाळला तर वाक्य हवेत तरंगतं आणि कुणीही ते आपल्या सोयीने पकडतं.

भाषांतराचं म्हणाल, तर ‘हॅक’ला ‘गुलाम’ लिहू नका. इंग्रजीत मूळ अर्थ भाड्याने दिलेला घोडा, त्यावरून पैशासाठी सांगितलेलं लिहून देणारा. मराठीत ‘भाडोत्री तट्टू’ चपखल बसतं. ‘सांगकाम्या’ सौम्य आहे, पण त्यात राबवून घेतल्याची कळ उतरत नाही. मी ‘भाडोत्री तट्टू’ घेईन आणि बाजूला ‘हॅक’ देवनागरीत ठेवीन.

येवलेकर

दोघांचेही आभार. मग १९५५ ची तारीख लावतात ती पूर्ण चूक धरायची का? ‘देवळात सैतान शिरला’ हा भागही काही जण १९५३ च्या भाषणातच घालतात.

गोदाघाट

चूक नाही, ते दुसरं भाषण आहे. १९ मार्च १९५५, चौथ्या घटनादुरुस्तीचं विधेयक. तो दिवस शनिवार आहे, म्हणून तारीख खोटी समजू नका, सभागृह त्या दिवशी बसलं होतं. एका सदस्याने ‘तुम्ही संविधान जाळीन म्हणाला होतात’ अशी आठवण करून दिली, तेव्हा बाबासाहेबांनी कारण सांगितलं: देवाच्या प्रतिष्ठापनेसाठी देऊळ बांधलं, पण देव बसण्याआधीच त्याचा ताबा असुरांनी घेतला, तर देऊळ पाडण्यावाचून काय उरतं? त्यावर दुसरे सदस्य म्हणाले, देऊळ कशाला, असुरालाच मारा. पुस्तिकेत हा टोला घ्याच. त्याशिवाय ती चर्चा आहे हे वाचकाला कळणार नाही, एकट्याचं व्याख्यान वाटेल.

पण येवलेकर, त्या भाषणाचा गाभा हा नाही, आणि याच गोष्टीची मला फार खंत आहे. देवळाचा दाखला सुरुवातीला थोडक्यात येऊन जातो. त्यानंतरचं विवेचन अनुच्छेद ३१ वर, म्हणजे सरकारने मालमत्ता घेताना नुकसानभरपाई किती आणि कशी द्यायची यावर आहे. तिथे ते स्पष्ट सांगतात, की हा अनुच्छेद मसुदा समितीचा नाही, त्याची जबाबदारी ते घेत नाहीत. काँग्रेसमध्ये नेहरू, पटेल आणि पंत यांची तीन मतं होती, त्यांच्या तडजोडीतून तो जन्मला. ‘भाडोत्री तट्टू’ म्हणजे काय, याचं सगळ्यांत ठोस उदाहरण इथे आहे. १९५३ चं वाक्य आणि १९५५ चं हे विवेचन समोरासमोरच्या पानांवर छापा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आणखी दोन भाषणं सुचवतो. २६ ऑगस्ट १९५४ चं परराष्ट्र धोरणावरचं, त्यात तिबेट, चीन, पंचशील (बौद्ध पंचशील नव्हे, भारत-चीन करारातली पाच तत्त्वं) आणि सिएटो हा आग्नेय आशियासाठीचा लष्करी करार येतो. सभागृहाचं नाव बदलून तेव्हा तीनच दिवस झाले होते. ते लांब आहे, पुस्तिकेत एक परिच्छेद पुरे.

दुसरं मात्र नाशिककरांनी सोडूच नये: सप्टेंबर १९५४ मधलं अस्पृश्यता (गुन्हे) विधेयकावरचं. बाबासाहेबांना विधेयकाचं नावच खटकलं होतं. नावात ‘नागरी हक्क’ हे शब्द हवेत, असं त्यांनी सुचवलं. कायदा १९५५ मध्ये झाला, १ जूनपासून लागू झाला, नाव मात्र तसंच राहिलं. १९७६ मध्ये ते बदलून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ करण्यात आलं. याच कायद्याचं कलम ३ अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक पूजास्थानात जाण्यास मज्जाव करणं गुन्हा ठरवतं. पंचवटीत १९३० मध्ये बंद राहिलेला काळाराम मंदिराचा दरवाजा आणि कलम ३, हे दोन्ही एका पानावर आले तर तुमच्या वाचकाला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

दप्तरखाना

गोदाघाट यांच्याशी सहमत. छपाईआधी दोन सूचना.

१५ व्या खंडातलं सगळंच राज्यसभेतलं नाही. त्यात कायदामंत्री असतानाची हंगामी संसदेतली भाषणंही आहेत. सीमारेषा सोपी आहे: बाबासाहेबांचं सदस्यत्व ३ एप्रिल १९५२ ला सुरू झालं, त्याआधीचं काहीही राज्यसभेच्या खात्यात टाकू नका. मंत्रिपदाच्या राजीनाम्याचं १० ऑक्टोबर १९५१ चं निवेदन तर सभागृहात वाचलंच गेलं नाही, ते बाहेर प्रसिद्ध केलं गेलं. त्याला ‘संसदेतलं भाषण’ म्हणणं ही नेहमी होणारी चूक.

आणि ‘सहा वर्षं सदस्य होते’ असं लिहू नका. पहिल्या सभागृहात सदस्यांच्या मुदती दोन, चार आणि सहा वर्षांच्या ठेवल्या होत्या, म्हणजे दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा रिकाम्या होतील. बाबासाहेबांची पहिली मुदत २ एप्रिल १९५६ ला संपली. ते पुन्हा निवडून आले आणि ६ डिसेंबर १९५६ ला निधन होईपर्यंत सदस्य होते. दोन्ही वेळा मुंबई राज्याच्या विधानसभेतून.

संदर्भाची ओळ अशी ठेवा: सभागृहाचं त्या दिवशीचं नाव, तारीख, विधेयकाचं नाव, स्तंभ क्रमांक, आणि अर्धविरामानंतर १५ व्या खंडाचं पान. पाचही गोष्टी प्रत्येक अवतरणाखाली, लहान टाइपात का होईना. शेवटच्या पानावर एकत्र यादी दिलीत तर लोक अवतरणाचा तेवढाच फोटो काढून पाठवतील आणि संदर्भ पुस्तिकेतच राहील.

येवलेकर

ठरलं. चार पानांची सहा करतो. आंध्र विधेयकाच्या भाषणातला टोकाटोकीसह सलग उतारा डावीकडे आणि मराठी उजवीकडे. शब्दवेध, भाषांतराचा कच्चा खर्डा रविवारपर्यंत इथेच टाकतो, ‘हॅक’च्या आधीची आणि ‘जाळीन’च्या नंतरची वाक्यं तेवढी मुळाशी ताडून बघाल का?